सांगलीत खऱ्या ड्रम्सचं रेकॉर्डिंग: बँडच्या सुरुवातीच्या दिवसांतलं शिकलेलं

फ्लोअरटॉम

सांगली-मिरजेत स्वतःची मराठी गाणी करणारी पोरं आता बऱ्यापैकी आहेत. गिटार, बेस, गाणं घरी लॅपटॉपवर रेकॉर्ड होतं. ड्रम्सचा विषय निघाला की गाडी अडते आणि कोणीतरी म्हणतं, "सॉफ्टवेअरवर प्रोग्राम करून टाकू." मला या धाग्यात त्याच्या विरुद्ध बाजूने बोलायचंय. जिल्ह्याच्या गावातल्या साध्या स्टुडिओत खरे ड्रम्स चांगले रेकॉर्ड होतात. त्याला महागडे माईक लागत नाहीत. माईक लावायच्या आधी खोलीवर आणि ड्रमवर अर्धा दिवस घालवायची तयारी लागते.

आमचा बँड नवा होता तेव्हा आम्ही विश्रामबागच्या बाजूच्या एका स्टुडिओत गेलो. तिथे भजनाचे अल्बम, दुकानांच्या जाहिराती, निवडणुकीच्या रिक्षावरची गाणी असं काम चालायचं. ताल म्हणजे ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक पॅड), वायर थेट मिक्सरला. अकौस्टिक ड्रमसेट त्या खोलीत कधी आलाच नव्हता. स्टुडिओवाले काका मात्र मनाने मोठे. म्हणाले, "आणा तुमचा सेट, बघू काय होतंय."

गाण्यासाठीचं बूथ होतं साधारण १० बाय ८ फूट, उंची ९ फूट, चारी भिंतींना इंचभर जाडीचा फोम. गाण्याच्या आवाजासाठी झकास. पण ड्रम्ससाठी अशी खोली फार अवघड. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास जातो. त्या हिशोबाने एवढ्या लांबी-रुंदी-उंचीच्या खोलीत ५६, ६३ आणि ७० हर्ट्झच्या आसपास आवाज अडकून घुमतो, आणि २२ इंची किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, जीव नेमका तिथेच असतो. म्हणजे किक मारली की एक सूर लांबत राहतो, मधले काही गायब. इंचभर फोम याला काहीच करू शकत नाही. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. फोम फक्त वरचा झणझणाट खातो. सिम्बल (झांजा) बोथट होतात आणि खालचा घुमारा तसाच राहतो.

मग आम्ही उलटापालट केली. तबला-पेटीवाले बसायचे ती बाहेरची मोठी खोली ड्रम्सला दिली आणि गायकाला बूथमध्ये पाठवलं, बाकीच्यांना धरायला कच्चा गाइड ट्रॅक गायला. बेस थेट लाइनने. गिटारचा अँप स्टोअररूममध्ये, दार लावून. सगळे एकाच वेळी वाजवत होतो, हेडफोनमधून एकमेकांना ऐकत. बेसवाला ड्रमरच्या समोर बसेल एवढं मी आग्रहाने करून घेतलं. पायाकडे बघत वाजवलेला बेस आणि नंतर एकट्याने बसून वाजवलेला बेस यांत फरक असतो, आणि तो ऐकू येतो.

खोलीतली फरशी कोटा. तिच्यावर जाजम. भिंतींसाठी आमच्या ड्रमरच्या आईने गोधड्या दिल्या. त्या भिंतीला चिकटवल्या नाहीत, दोऱ्या बांधून भिंतीपासून हातभर पुढे टांगल्या. भिंतीला लागून हवा हलतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे तिथल्या कापडाला खायला काही मिळत नाही. पुढे ओढलं की तीच गोधडी कितीतरी जास्त काम करते. कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या. एक भिंत मुद्दाम उघडी ठेवली, कारण खोलीच्या आवाजाचा थोडा उजेड ड्रम्समध्ये यायला पाहिजे.

त्यानंतर ट्युनिंग. टॉमचं (काठीने वाजवायचा गोल ड्रम) आधी खालचं हेड (ताणलेला पडदा), मग वरचं. नट समोरासमोरचे घट्ट करत जायचे, ओळीने नाही. मधोमध बोट हलकं टेकवायचं, प्रत्येक नटापासून इंचभर आत काठी टेकवायची आणि सगळीकडे एकच सूर येईपर्यंत थांबायचं. आम्ही खालचं हेड वरच्यापेक्षा थोडं वर ठेवलं. त्याने आवाज छोटा आणि नेटका होतो. स्नेअरला, म्हणजे खाली तारा असलेल्या मधल्या ड्रमला, दहा नट, ती सगळ्यात जास्त वेळ घेते. हे होईपर्यंत एकही माईक उघडला नव्हता आणि चहा दोनदा झाला होता. काकांना वाटलं असेल पोरं वेळ घालवताहेत, पण पहिला माईक लावल्यावर ते खुर्चीतून उठून आत आले आणि स्नेअरकडे बघत राहिले.

माईक किती, कुठे, ते कोणी विचारलं तर खाली लिहितो. तुमचेही अनुभव लिहा.

कृष्णाकाठ

वाचनखूण साठवली आहे! गोधडी पुढे टांगायचं कारण आज कळलं. आम्ही खिळे ठोकून भिंतीलाच लावल्या आहेत, उद्या काढतो.

माईक सांगाच. आमच्याकडे आठ इनपुटचा इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायची पेटी) आहे आणि आठही माईक लावले की ड्रम्स पातळ का वाटतात ते कळत नाही. एकेक ट्रॅक ऐकला तर छान, सगळे एकत्र केले की जीव जातो.

फ्लोअरटॉम

कृष्णाकाठ, तुमचा त्रास फेजचा आहे, खात्रीने सांगतो.

एकच स्नेअर तुमच्या आठही माईकना ऐकू जाते, पण वेगवेगळ्या वेळी. ३४ सेंटिमीटर जास्त अंतर म्हणजे एक मिलिसेकंद उशीर. एक मिलिसेकंदाच्या फरकाचे दोन सारख्याच ताकदीचे आवाज एकत्र केले की ५०० हर्ट्झ कापला जातो, मग १५००, मग २५००. पातळ वाटणारच.

उपाय सुतळी. एक टोक स्नेअरच्या मधोमध अंगठ्याने दाबायचं, दुसरं पहिल्या ओव्हरहेडपर्यंत (सेटच्या वर लावलेला माईक) ताणून गाठ मारायची. तीच गाठ दुसऱ्या ओव्हरहेडला टेकली पाहिजे. नाही टेकली तर स्टँड हलवा, सॉफ्टवेअरमध्ये सरकवत बसू नका. आम्ही एक माईक स्नेअरच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या (पायांवर उभा मोठा टॉम) बाजूने ड्रमरच्या उजव्या खांद्याजवळ, असे लावले. ही पद्धत ग्लिन जॉन्स या इंग्लिश इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाते. लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचा पहिला अल्बम त्याने १९६८ साली लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत रेकॉर्ड केला. तिसरा माईक किकला, चौथा स्नेअरजवळ. चारच. त्यात पूर्ण सेट येतो आणि एकमेकांशी भांडणारे माईक निम्मे होतात.

स्नेअरच्या खाली माईक लावत असाल तर त्याची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटी करा. काठी पडली की वरचं हेड वरच्या माईकपासून लांब जातं आणि त्याच क्षणी खालचं हेड खालच्या माईकच्या अंगावर येतं. एकाची रेघ खाली जाते, दुसऱ्याची वर. बटण दाबून बघा, ज्या बाजूला आवाज जाड लागेल ती बरोबर.

आणि लेव्हल कमी ठेवा. २४ बिटच्या रेकॉर्डिंगला उणे १० डेसिबलवर शिखर आलं तरी काहीही बिघडत नाही. तालीम करताना ड्रमर हळू मारतो आणि लाल दिवा लागला की जोरात, हे सगळीकडे सारखंच.

लूपमास्तर

धागा मनापासून लिहिलाय, पण दुसरी बाजू मांडतो. मी जाहिरातीचं आणि भक्तिगीतांचं काम करतो. स्टुडिओचा मीटर तासावर चालतो. गोधड्या टांगा, सुतळी ताणा, नट फिरवा, यात अर्धा दिवस गेला तर नव्या बँडच्या खिशात गाण्यासाठी काय उरतं? आजची ड्रम सॉफ्टवेअर चांगल्या खोल्यांत, चांगल्या सेटवर रेकॉर्ड केलेली असतात. एका वाजवण्याचे कितीतरी नमुने असतात त्यात. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

फ्लोअरटॉम

लूपमास्तर, पैशाचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच आम्ही ट्युनिंग आणि हेड बदलणं घरी करून गेलो असतो तर बरं, असं आता नव्या पोरांना सांगतो. नेताना सेटचा सूर थोडा उतरतो, पण तिथे फक्त हात फिरवावा लागतो.

ऐकणाऱ्याला कळत नाही, हे मात्र मला पटत नाही. त्याला सांगता येत नाही, एवढंच. आमच्या एका गाण्यात अंतऱ्याकडून ध्रुवपदाकडे येताना ड्रमर स्नेअरवर डाव्या हाताने इतकं हळू वाजवतो की ते वेगळं ऐकूच येत नाही, पण काढून टाकलं की गाणं बसून जातं. ते त्याला कोणी लिहून दिलं नव्हतं. गायकाने त्या ओळीत श्वास लांबवला, तो याने हेडफोनमध्ये ऐकला आणि हात आपोआप मऊ पडला. सॉफ्टवेअरमध्ये हे बसवता येतं, तुमच्यासारख्या कसबी माणसाला नक्की येतं. पण बसवायला आधी ते सुचायला लागतं, आणि सुचतं ते चौघं एका खोलीत असताना.

लूपमास्तर

हे मान्य. बँडसाठी मान्य. माझ्या कामात चौघं एका खोलीत कधीच नसतात.

बेंजोवाला

मी गणपतीत आणि लग्नात बेंजो पार्टीत रोटोटॉम (फिरवून सूर लावायचे छोटे टॉम) वाजवतो, आणि दोन वर्षं झाली एका बँडमध्ये सेटवर बसतोय. आमच्यासारख्यांना स्टुडिओत सगळ्यात जड जातं ते क्लिक, म्हणजे लय धरायला दिलेली टकटक. मिरवणुकीत लय चढवायची असते, लोक नाचायला लागले की हात आपोआप पुढं पळतो. तीच सवय स्टुडिओत आडवी येते. ताकद आणि दम भरपूर असतो आमच्याकडं, गाडीवर उभं राहून रात्रभर वाजवतो, पण हेडफोनमधल्या त्या टकटकीशी जमत नाही भावा. काय करावं?

फ्लोअरटॉम

बेंजोवाला, तुमच्याकडे जे आहे ते बाकीच्यांना शिकवून येत नाही, ते आधी सांगतो. क्लिकचं जमेल.

संथ गाणं असेल तर क्लिकमधली जागा फार मोठी असते. मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत दोन टकटकींत पाऊण सेकंद जातो. तिथे हात भरकटतो. क्लिक दुप्पट करा, दर अर्ध्या मात्रेवर. आणि तो टोचणारा टिक-टिक आवाज बदला. आम्ही शेकर (खुळखुळा) आणि काउबेलचा (घंटेचा) छोटा लूप, म्हणजे फिरत राहणारा तुकडा, करून दिला. माणूस आपल्याबरोबर वाजवतोय असं वाटतं, मग त्याच्याशी भांडण होत नाही.

शिवाय प्रत्येक गाण्याला क्लिक लागतोच असं नाही. ध्रुवपदाला लय ९६ वरून ९८ ला गेली तर ती चूक नाही, तिथे गाणं उभं राहतंय. चारही जण एकत्र वाजवत असतील आणि नंतर वर काही कीबोर्ड-लूप चढवायचे नसतील तर क्लिक बंद करून एक टेक घ्याच.

एक बारीक गोष्ट. गाण्याच्या शेवटी क्रॅश (मोठी झांज) मारून आवाज विरत जातो तेव्हा हेडफोनमधला क्लिक ओव्हरहेडमध्ये शिरतो आणि नंतर काढता येत नाही. शेवटच्या ठोक्यालाच क्लिक संपेल असं आधी लावून ठेवा. हेडफोन कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले घ्या.

मिरज पूर्व

ट्युनिंगवर एवढं लिहिलंत म्हणून लिहायला बसलो. मिरजेतल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. सतार-तानपुऱ्यांच्या दुकानांवरून रोज जाणं-येणं, जवारी लावताना, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवताना, कारागीर एका सुरावर किती वेळ थांबतो ते लहानपणापासून बघितलेलं. आमच्या गावच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उरुसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या समाधीजवळ बसून गाणं ऐकलेले कान आहेत हे. अशा गावात ड्रमसेट बेसूर वाजतो तेव्हा मला खरोखर त्रास होतो. तबलजी कार्यक्रमाआधी हातोडी घेऊन गट्ठे ठोकतो, ते कोणाला वेळ घालवणं वाटत नाही. ड्रमरने तेच केलं की सगळे घड्याळ बघतात.

माझ्या मित्राचा सेट २०१९ च्या पुरात गावभागात पाण्यात गेला. हेड प्लास्टिकची, ती पुसून चालली. पण शेलचा, म्हणजे ड्रमच्या लाकडी अंगाचा, प्लाय सुटला आणि कडा फुगल्या. कड वाकडी झाली की हेड कुठेतरी टेकतं, कुठेतरी नाही, आणि मग तो टॉम कितीही नट फिरवा, सुरात येत नाही. शेवटी वाद्यांचं लाकूडकाम करणाऱ्या एका कारागिराकडे नेला. त्यांनी ड्रम आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला होता. सपाट काचेवर शेल पालथं ठेवलं, आत दिवा धरला, आणि कडेखालून जिथे जिथे उजेड दिसला तिथे पेन्सिलने खूण केली. मग घासत गेले, पुन्हा काच, पुन्हा दिवा. उजेड दिसायचा बंद झाला तेव्हा थांबले. तो टॉम आज नव्यापेक्षा चांगला बोलतो. जुना सेट विकत घेताना ही काचेची परीक्षा करून बघा.

कृष्णाकाठ

मिरज पूर्व, हे फार मोलाचं लिहिलंत. आमच्या १२ इंची टॉमचं कोडं बहुतेक सुटलं.

फ्लोअरटॉम, काल सुतळी लावली. एका बाजूला जवळजवळ वीतभर फरक निघाला. सारखं केल्यावर स्नेअर मधोमध येऊन बसली. आता बारीक गुणगुण उरली आहे, इन्व्हर्टरवर असताना जास्त.

अर्थिंग

मी इलेक्ट्रिकचं काम करतो, हे मी सांगतो. स्वस्त इन्व्हर्टरची लाट गोल नसते, चौकोनी असते, तिची गुरगुर ऑडिओत येते. शुद्ध साइन वेव्हवाला घ्या किंवा लाइट असतानाच रेकॉर्ड करा. इंटरफेस, लॅपटॉप, अँप सगळं एकाच बोर्डवरून घ्या. दोन वेगळ्या बोर्डांवरून घेतलं की अर्थिंगचा फेरा तयार होतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा तोच असतो. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन मात्र कधीही काढायची नाही. गायकाच्या तोंडाला माईक आणि हातात गिटार असते, शॉक जिवावर बेततो.

घुमकं

तासगावकडचा आहे. आम्ही ड्रमसेटबरोबर हलगी घेतो. हलगीचा ठोका इतका टोकदार असतो की जवळ माईक लावला की फुटतोच. दीड-दोन हात लांब, थोडा बाजूला, कातड्याच्या मधोमध न रोखता कडेकडे रोखलेला, असा बरा येतो. हलगी आणि सेट एका खोलीत घेतले की सगळ्या माईकमध्ये हलगीच. आम्ही हलगीवाल्याला व्हरांड्यात उभा करतो, काचेतून ड्रमर दिसतो.

पावसाळ्यात कातडं उतरतं. त्यामुळे दोन हलग्या ठेवतो. एक वाजते तेव्हा दुसरी बाहेर शेकत असते. दोन्हींचा सूर आधी जुळवून घ्यायचा, नाहीतर एका गाण्यात दोन हलग्या ऐकू येतात. ड्रमसेटच्या प्लास्टिक हेडला हा ताप नाही, ते बघून हलगीवाले काका दरवेळी हात फिरवून बघतात.

फ्लोअरटॉम

घुमकं, कडेकडे रोखायचं लक्षात ठेवतो. आमच्या पुढच्या गाण्यात हलगी आहे.

तुमच्यामुळे आठवलं, सिम्बलचं राहिलंच होतं. स्वस्त सेटबरोबर येणारे सिम्बल पितळी असतात. ते जवळून खणखणतात आणि प्रत्येक माईकमध्ये घुसतात. चांगले सिम्बल काशाचे, त्यातही ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील असलेले. सेट कुठलाही चालेल, पण रेकॉर्डिंगच्या दिवसापुरते हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या दोन झांजा) आणि क्रॅश कोणाकडून तरी मागून आणा. आणि ड्रमरला हाय-हॅट हळू, स्नेअर जोरात अशी सवय घरीच लावायला सांगा. माईक दोघांना वेगळं करू शकत नाही, हातच करू शकतो.

सातारा रोड

मोठ्या खोलीचा प्रश्न आम्ही साताऱ्यात असा सोडवला. आषाढी एकादशी ते कार्तिकी, चातुर्मासात, लग्नं जवळपास नसतात. मंगल कार्यालयं रिकामी. ओळखीने दिवसभरासाठी स्वस्तात मिळतात. उंच छत, लांब हॉल. नुसता सेट मधोमध ठेवला तर आवाज फार वेळ घुमतो, म्हणून स्टेजच्या कोपऱ्यात सेट, भोवती कार्यालयाच्याच सतरंज्या आणि कनाती. जवळचे चार माईक तुमच्यासारखेच, आणि दोन माईक हॉलच्या दुसऱ्या टोकाला. हे लांबचे दोन नंतर मिक्समध्ये हवे तेवढे उघडायचे. ध्रुवपदाला उघडले की ड्रम्स एकदम मोठे होतात.

लेड झेपलिननेच पुढे इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या अनाथ-गरिबांच्या इमारतीत जिन्याच्या तळाशी ड्रम्स ठेवले आणि दोन माईक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. स्टुडिओ नव्हताच तो. तेव्हा मंगल कार्यालय का नको?

फक्त पत्र्याचं छत असलेलं घेऊ नका. पाऊस आला की दिवस गेला. स्लॅबचं बघा, आणि दुपारी करा, संध्याकाळी बेडूक सुरू होतात.

बेंजोवाला

काउबेलचा लूप लावून बघितला. दोन गाणी सरळ गेली. संथ गाण्यात अजून पळतोय, पण आता पळालो ते माझं मलाच कळतंय.

मंगल कार्यालयाची कल्पना भारी आहे. तिथं वाजवायची मला सवयच आहे.

फ्लोअरटॉम

सातारा रोड, यंदा चातुर्मासात आम्हाला घ्या सोबत. सेट, जाजम आणि सुतळी आमची. लांबच्या दोन माईकसाठी उंच स्टँड आणि तीस-पस्तीस मीटर केबल तुमच्याकडे असेल तर कळवा. बेंजोवाला, तुम्ही रोटोटॉम घेऊन या. घुमकं, हलगीवाले काका तयार असतील तर त्यांनाही विचारा. शेकायला अंगण आहे ना, एवढं सातारा रोड आधी बघून ठेवतील.

सातारा रोड

अंगण आहे. स्टँड दोन आहेत, केबल वीस मीटरच आहे, बाकीची जोडावी लागेल. आषाढातली तारीख विचारून इथेच टाकतो.